बुजऱ्या घोड्याचं घर

माझी धाकटी भाची ऑस्ट्रेलियात, मेलबर्नपासून दोनेक तासांवरच्या एका खेड्यात राहते. नवऱ्याची नोकरी बदलली, त्यामुळे आता दोघांना शहरात फ्लॅटमध्ये राहायला जायचंय. बरंचसं सामान विकून झालं, कुत्रं बरोबर नेणार आहेत. प्रश्न राहिलाय तो घोडीचा. शर्यतीतून निवृत्त झालेली घोडी, अंगापिंडाने देखणी, आणि विलक्षण बुजरी. वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी उडाली की ही चार पावलं आडवी उडते. वर बसलेला माणूस जमिनीवर.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, तिघंजण विचारून गेलेत. एक घोडेस्वारी शिकवणारी शाळा आहे, पैसे चांगले देतायत. दुसरे एक पैसेवाले गृहस्थ, चौदा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाची भेट द्यायचीय म्हणतात. तिसरा एक म्हातारा शेतकरी आहे, त्याच्याकडे एकच म्हातारा घोडा आहे, त्याला सोबत हवीय. तो फार पैसे देऊ शकत नाही. आणि खरं सांगू, हिच्या भित्रेपणाबद्दल किती बोलावं तेच कळत नाही. सगळं सांगितलं तर कोणी नेणारच नाही."

मी म्हटलं, "अगं, मी इतिहासाची बाई. आयुष्यात एकदाच घोड्यावर बसले, १९७४ साली माथेरानला, शाळेच्या सहलीत, तेही डोळे गच्च मिटून."

"मग इतिहासातलंच सांग की!" ती हसत म्हणाली.

तिने चेष्टेत म्हटलं, पण फोन ठेवल्यावर ते माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी जुनी पुस्तकं काढली, थोडं इकडेतिकडे वाचलं. म्हणून हे लिहिते आहे. तिच्यासाठी, आणि नेहमी वाचणाऱ्या तुम्हा मंडळींसाठीही.

बुजऱ्या घोड्याची जगातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. अलेक्झांडर आणि त्याचा ब्यूसेफलस. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल याची गणतीच नाही. थेसलीचा फिलोनिकस नावाचा गृहस्थ राजा फिलिपकडे एक घोडा विकायला घेऊन आला. किंमत सांगितली तेरा टॅलंट. टॅलंट हे वजनाचं माप, अथेन्सच्या हिशेबाने साधारण सव्वीस किलो चांदी. म्हणजे एका घोड्याचे सव्वातीनशे किलोच्या वर चांदी झाली! घोडा मैदानात आणला तर तो कुणाला जवळ येऊ देईना, मोतद्दारांच्या आवाजाने सुद्धा उधळायला लागला. फिलिप वैतागला, म्हणाला घेऊन जा याला. तेव्हा शेजारी उभा असलेला राजपुत्र पुटपुटला की, हाताळता येत नाही म्हणून केवढा घोडा गमावतायत हे लोक! बापाने ऐकलं आणि डिवचलं. पैज लागली. हरलो तर घोड्याची किंमत मी भरीन, असं पोरगं म्हणालं. सगळे हसले.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. अलेक्झांडरने लगाम धरून घोड्याचं तोंड सूर्याकडे फिरवलं. कारण त्याच्या लक्षात आलं होतं की घोडा आपल्याच सावलीला बुजतोय. पुढे नाचणारी ती काळी आकृती त्याला दिसेनाशी झाली. मग त्याला थोडा वेळ थोपटलं, बरोबर चार पावलं चालवलं, अंगावरचा झगा हळूच खाली टाकला आणि उडी मारून स्वार झाला.

वर्गात मी ही गोष्ट साहसाची म्हणून सांगायचे. 'लहान वयात केवढं धाडस!' पोरांचे डोळे मोठे व्हायचे. आता निवांतपणे वाचताना वाटलं, की मी सगळा जोर त्या उडीवर देत होते आणि खरी गोष्ट उडीच्या आधीच घडून गेली होती. मैदानावर राजा होता, सरदार होते, घोड्यांत जन्म घालवलेले मोतद्दार होते. सगळे घोड्याकडे बघत होते. घोडा कशाकडे बघतोय हे एकट्याने पाहिलं. आणि तो झगा! हा तपशील मी कित्येक वर्षं गाळत आले. फडफडणारं कापड घोड्याला दिसू नये, म्हणून ते हळूच खाली सोडलं असावं असं मला वाटतं. माझ्या भाचीच्या घोडीची प्लास्टिकची पिशवी आणि हा झगा, काही फरक आहे का?

गोष्ट सांगणारा प्लूटार्क हा या प्रसंगानंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी लिहीत होता, हेही लक्षात ठेवायला हवं. थोरामोठ्यांच्या बालपणीच्या गोष्टी नंतर फुलवल्या जातात. ते आपल्याकडे काय आणि ग्रीकांकडे काय, सारखंच. ओनेसिक्रिटस नावाच्या लेखकाच्या हवाल्याने प्लूटार्क म्हणतो की घोडा मेला तेव्हा तीस वर्षांचा होता. घोडा मेला इ.स.पूर्व ३२६ मध्ये, झेलमच्या काठी, पोरसशी लढाई झाल्यानंतर. म्हणजे घोडा आणि अलेक्झांडर एकाच वयाचे झाले! मग विकायला आणला तेव्हा तो दहा-बारा वर्षांचा असणार, आणि त्या वयाच्या न शिकवलेल्या घोड्याला तेरा टॅलंट कोण देईल? हिशेब जुळत नाही. पण घोडा होता, त्याच्यावर स्वारी एकटा अलेक्झांडर करी, आणि त्याच्या नावाने झेलमच्या काठी बुसेफला नावाचं शहर वसवलं, यावर जुन्या लेखकांचं एकमत आहे.

मला त्याहून आवडलेली एक छोटी नोंद आहे. घोडा वयाने उतरल्यावर, सैन्याची पाहणी करताना, रांगांमधून हिंडताना अलेक्झांडर दुसऱ्याच घोड्यावर बसायचा. ब्यूसेफलसला ऐन लढाईपुरतंच पुढे आणायचे. म्हणजे त्याची जपणूक चालली होती. आणि एकदा तो चोरीला गेला तेव्हा, घोडा परत दिला नाही तर तुमच्यातला एकही माणूस जिवंत ठेवणार नाही, असा निरोप याच अलेक्झांडरने तिथल्या लोकांना धाडला. चोरट्यांनी घोडा मुकाट आणून दिला. घोड्याला चांगला धनी मिळाला खरा. त्या गावकऱ्यांना कसा वाटला असेल, ते विचारायला कोणी गेलं नाही.

घोडा इतका का बुजतो? याचं उत्तर त्याच्या डोळ्यांत आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न हलवता त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. गवत खाताना मागून लांडगा आला तर दिसावा, म्हणून ही सोय. ज्याला सगळीकडचं दिसतं त्याला सगळीकडची भीतीही दिसणार. शिंग नाही, नख नाही, सुळे नाहीत, बचावाचा उपाय एकच, आधी पळायचं आणि मग विचार करायचा. म्हणून तर टांग्याच्या घोड्याला ढापणं लावतात. जेवढं कमी दिसेल तेवढा तो शांत.

हे सगळं झेनोफोनला चांगलं ठाऊक होतं. हा सॉक्रेटिसचा शिष्य, लढवय्या माणूस. त्याने इसवीसनाच्या आधी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक छोटंसं पुस्तक लिहिलं, ते आजही वाचता येतं. त्यात त्याने सांगून ठेवलंय की रागात असताना घोड्याजवळ जाऊच नये. घोडा एखाद्या वस्तूला बिचकला तर त्याला मारून पुढे ढकलू नये, कारण मग त्या वस्तूची भीती आणि माराची भीती अशा दोन भीत्या त्याच्या मनात एकत्र होतात. आपण स्वतः त्या वस्तूला हात लावून दाखवावा आणि घोड्याला हळूहळू तिच्याजवळ न्यावं. हे वाचताना मला आमच्या शाळेतले गणिताचे तास आठवले. दोन भीत्या एकत्र केल्यावर काय होतं, हे ज्याने कुणी पाढे चुकल्यावर छडी खाल्ली असेल त्याला वेगळं सांगायला नको. मीही सुरुवातीच्या वर्षांत छडी वापरली. आज ते लिहिताना बरं वाटत नाही.

आता रेरीची गोष्ट. ही आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही आणि भाचीच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळची हीच आहे.

जॉन सॉलोमन रेरी हा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ग्रोव्हपोर्ट गावचा शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८२७ चा. लहानपणापासून नाठाळ घोडे वठणीवर आणण्याचा नाद. आपली पद्धत त्याने एका छोट्या पुस्तकात लिहिली आणि १८५७ च्या अखेरीस इंग्लंडला गेला. १८५८ च्या सुरुवातीला त्याने व्हिक्टोरिया राणीसमोर प्रयोग करून दाखवले आणि एकदम त्याचं नाव झालं. मोठमोठे उमराव दहा-दहा गिनी भरून, गुपित फोडणार नाही असं वचन देऊन त्याच्या वर्गाला बसले. आणि गंमत अशी की त्याचं अमेरिकेत छापलेलं ते पुस्तक लंडनच्या एका प्रकाशकाने चार-सहा पेनीत बाजारात आणलं! दहा गिनीचं गुपित फुटपाथवर आलं. खाजगी शिकवणीवाल्यांचे हाल तेव्हाही असेच होते म्हणायचे.

तर इंग्लंडात तेव्हा क्रूझर नावाचा एक घोडा होता. जातिवंत, शर्यतीच्या रक्ताचा, मालक लॉर्ड डॉर्चेस्टर. हा घोडा इतका बिथरलेला होता की त्याच्या तोंडाला लोखंडी मुसकं घालून ठेवलेलं असे आणि त्याच्या कोठीत जायची कुणाची छाती नव्हती. अंगावर माणूस घेऊन तर त्याला कित्येक वर्षं झालेली. रेरीला आव्हान देण्यात आलं, की गरीब घोड्यांवर जादू दाखवतोस, याच्यावर दाखव. रेरी गेला. सुमारे तीन तास त्या घोड्याबरोबर होता. त्यानंतर क्रूझरवर स्वतः रेरी बसला, आणि मालकही बसला.

रेरी करायचा काय? एक पुढचा पाय दुमडून पट्ट्याने बांधायचा. घोडा तीन पायांवर. मग दुसऱ्या पायालाही पट्टा, आणि हळूहळू घोडा दमून गुडघ्यांवर येऊन आडवा व्हायचा. त्यानंतर रेरी त्याच्या शेजारी बसून त्याला थोपटायचा, सगळ्या अंगावरून हात फिरवायचा, बोलत राहायचा. मार अजिबात नाही. घोडा उठला की छत्री, ढोल अशा वस्तू त्याच्या नाकाशी न्यायच्या, हुंगू द्यायच्या, त्याच्या अंगाला हलक्या हाताने लावायच्या. ज्या वस्तूची घोडा स्वतः नाकाने तपासणी करतो, तिला तो मग भीत नाही, हे रेरीचं मुख्य सूत्र. झेनोफोन हेच सांगून गेला होता.

आजकालचे घोड्यांचे जाणकार रेरीच्या पट्ट्यांना नावं ठेवतात. पळून जाणं हाच ज्याचा एकमेव उपाय, त्याचे पायच बांधले तर तो शांत होत नाही, हताश होतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण त्या काळी घोडा वठणीवर आणायचा म्हणजे चाबूक आणि टाच, त्या जमान्यात हा माणूस हजारो लोकांपुढे न मारता घोडा शांत करून दाखवत होता, हेही विसरू नये.

पण मला सांगायचंय ते पुढचं. क्रूझर शांत झाला, गोष्ट संपली, असं झालं नाही. पुढे तो रेरीकडेच राहिला आणि १८६० मध्ये रेरी मायदेशी परतला तेव्हा त्याला जहाजातून बरोबर घेऊन गेला. इंग्लंडच्या उमरावाचा घोडा ओहायोतल्या खेड्यात राहायला गेला. १८६६ मध्ये रेरी वारला, वय अवघं अडतीस. मृत्युपत्रात त्याने क्रूझरच्या पालनपोषणाची तजवीज करून ठेवली होती. घोडा पुढे नऊ वर्षं, १८७५ पर्यंत जगला. आणि असं सांगतात की रेरी गेल्यावर क्रूझर पुन्हा पूर्वीसारखा झाला, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देईना.

हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. म्हणजे तीन तासांत जे झालं ते घोडा 'बरा होणं' नव्हतंच. भीती तिथेच होती, फक्त एका माणसाजवळ ती शांत बसत होती. त्या एका माणसाला हे कळलं होतं म्हणूनच त्याने मृत्युपत्रात सोय केली असणार. घोडा सुधारला, आता कुणालाही विका, असं त्याने केलं नाही.

आपल्या मराठीत घोड्याच्या दोषाला 'खोड' म्हणतात. अंगावरचा भोवरा भलत्या जागी असला तरी ती खोड, चावरेपणा ही खोड, आणि बुजरेपणा हीसुद्धा खोडच. जन्माला येतानाच घेऊन आलेली, असा त्या शब्दाचा सूर. घोड्यांच्या वैद्याला जुन्या काळी सालोत्री म्हणत, शालिहोत्र ऋषींच्या नावावरून. आणि शिवकाळात पागेची व्यवस्था कशी होती ते सभासदाने लिहून ठेवलंय. पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद. घोडा सरकारी असेल तर स्वार बारगीर, घोडा स्वतःचा असेल तर तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची भाकरीच गेली. तेव्हा अंगणात बांधलेल्या त्या एका जनावराची खोड त्याला तोंडपाठ असणार. पागेतल्या पंचवीसात एखादा बुजरा असला तर बारगिराला तो कितीसा कळत असेल? हा माझा आपला तर्क, पुरावा मागू नका. पण भाचीला आलेल्या तीन मागण्यांपैकी घोडेस्वारीची शाळा म्हणजे पागाच नाही का?

आणि ऑस्ट्रेलियाचा विषय निघालाच आहे तर. भाची राहते त्या देशातून एकेकाळी जहाजं भरभरून घोडे हिंदुस्थानात येत. न्यू साउथ वेल्सचे म्हणून त्यांना 'वेलर' म्हणत. इंग्रजी फौजेचं घोडदळ त्यांच्यावर चाले. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने एक लाख तीस हजारांहून अधिक घोडे परदेशी धाडले. त्यांतला परत आला एक. त्याचं नाव सँडी. जनरल ब्रिजेस यांचा घोडा. ते १९१५ मध्ये गॅलिपोलीला जखमी होऊन वारले, त्यांचा घोडा १९१८ च्या अखेरीस मेलबर्नला पोचला. बाकीच्यांना आणायला जहाजं नव्हती, खर्च परवडणारा नव्हता, रोगराईची भीती होती. हजारो घोडे इतर फौजांकडे गेले, त्यांत हिंदुस्थानी फौजही आली. जे म्हातारे किंवा अधू होते ते गोळी घालून मारले.

ब्रिटिश फौजेने आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. ज्यांनी घेतले ते गरीब लोक, कुणी गाडीवाला, कुणी दगडाच्या खाणीत कामाला. त्यांनाही पोट होतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आणि घोडा कसा आहे हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. पुढे १९३० मध्ये डोरोथी ब्रूक नावाची बाई कैरोला आली, तिचा नवरा तिथे घोडदळाचा अधिकारी होता. तिने रस्त्यात हाडांचे सापळे झालेले, आंधळे, लंगडे घोडे पाहिले. त्यांच्या अंगावर फौजेचे डाग तसेच होते. युद्ध संपून बारा वर्षं झाली होती! तिने १९३१ मध्ये 'मॉर्निंग पोस्ट' या लंडनच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. लोकांनी पैसे पाठवले. तीन-चार वर्षांत तिने असे पाच हजार घोडे विकत घेतले. १९३४ मध्ये तिने तिथे जनावरांचा दवाखाना काढला. त्यातून निघालेली संस्था अजूनही काम करते, आपल्याकडेही करते.

पण त्या पाच हजारांतले बहुतेक घोडे वाचण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांना थोडे दिवस पोटभर चारा, स्वच्छ अंथरूण आणि विश्रांती द्यायची, आणि मग वेदना न होता निरोप द्यायचा, एवढंच तिच्या हाती उरलं होतं. तिने ते केलं.

इथवर लिहून झाल्यावर मी दोन दिवस थांबले. कारण पुढचं लिहायचं की नाही ते ठरत नव्हतं. घरातली गोष्ट आहे, आणि हे वाचणाऱ्यांत मामांची नातवंडंही आहेत. शेवटी थोरल्या मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, "लिही आक्का, आता कोण राहिलंय रागवायला?"

आमचे मामा सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात टांगा चालवायचे. मी नऊ-दहा वर्षांची असेन, म्हणजे १९५९-६० चा सुमार. घोड्याचं नाव बादशा. कुमैत रंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका. मे महिन्यात आजोळी गेलं की चंदीचा तोबरा त्याच्या तोंडाला बांधायचा मान माझा. हा बादशा माणसांत अगदी गरीब, पण एस.टी.चा भोंगा वाजला की थरथरायचा. छत्री उघडली तरी तसंच. स्टँडाजवळ आलं की मामा खाली उतरायचे, त्याच्या तोंडाजवळ उभे राहायचे, आपल्या उपरण्याचं टोक त्याच्या डोळ्यांवर धरायचे आणि काहीतरी पुटपुटत राहायचे. गाडी निघून गेली की पुन्हा वर बसायचे. उतारू वैतागायचे. "अहो, घोडा हाकताय का बाळ निजवताय?" असं एकाने म्हटलेलं मला आठवतंय.

एस.टी. गावोगाव जायला लागली आणि टांग्याचा धंदा बसत गेला. त्यात मामीचं आजारपण, सावकाराचं देणं. बादशाला विकायचं ठरलं. जत्रेच्या बाजारात मामा त्याला घेऊन गेले. मी हट्टाने बरोबर गेले होते. दोन-तीन गिऱ्हाइकं आली, घोड्याचे दात बघून गेली. मग एकजण आला, त्याचा वरातीला घोडे पुरवायचा धंदा होता. बादशाचं रूप बघून त्याला तो फार आवडला. रुमालाखाली बोटं धरून दोघांचा सौदा चालला होता. मध्येच त्याने विचारलं, "बुजत नाही ना?"

मामा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "लेकरासारखा आहे हो."

खोटं काही बोलले नाहीत. खरंही बोलले नाहीत. मला ते तेव्हाच कळलं होतं, कारण मामांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. वरात म्हणजे काय? ताशे, बँड, तोंडासमोर फटाके, गॅसबत्त्या, डोक्यावर झिरमिळ्यांची छत्री. जे जे बादशाला सहन होत नव्हतं ते सगळं एका ठिकाणी गोळा करून ठेवलेलं. घरी येताना मामांनी मला भजी घेऊन दिली. मी खाल्ली, हेही लिहून ठेवते.

पुढच्या लग्नसराईत कळलं की एका वरातीत बादशा उधळला. नवरदेव पडला, त्याचा पाय मोडला. त्या माणसाने घोडा मिळेल त्या किमतीला कुणा दलालाला देऊन टाकला. मामा कराडपर्यंत शोधत गेले, मग मिरजेला गेले. बरोबर पैसे घेऊन गेले होते, मामीच्या पाटल्या मोडून आलेले. घोडा सापडला नाही. मामा पुढे एका तेलाच्या घाणीवर कामाला लागले. बादशाचं नाव त्यांनी काढलं नाही आणि आम्हीही काढायचो नाही. फक्त गल्लीतून वरात जाताना ते उठून ओट्यावर येऊन उभे राहायचे आणि घोड्याच्या कपाळाकडे बघायचे.

शेवटच्या आजारात एकदा मला म्हणाले होते, "त्याला सांगितलं असतं ना, तर त्याने घेतला नसता. मग आणखी चार बाजार हिंडलो असतो. कुणीतरी मळ्यातला भेटला असता." मी काही बोलले नाही. सावकाराने चार बाजार थांबला असता का, हेही मला माहीत होतं.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. अलेक्झांडरचं थोडक्यात आणि मामांचं सविस्तर. बादशाची गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. बराच वेळ ती गप्प होती.

काल तिचा पुन्हा फोन आला. तिघांनाही तिने सगळं सांगून टाकलं. पिशवी, झगमगणारे कागद, मागून येणारी सायकल, आणि दोनदा तिला स्वतःला पाडलं तेही. शाळावाल्यांनी आभार मानून नाही म्हटलं. मुलीच्या वडिलांनी किंमत कमी करून मागितली, तेव्हा हिनेच नको म्हटलं. म्हाताऱ्या शेतकऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पिशवी दिसल्यावर घाबरते, की तिचा आवाज आल्यावर?"

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मला सांगताच येईना मावशी. चार वर्षं झाली, मी कधी बघितलंच नव्हतं." मग तिने आणि त्या म्हाताऱ्याने मिळून कुंपणाच्या पलीकडे पिशवी नुसती टांगून बघितली. घोडी चरत राहिली. मग आडोशाला उभं राहून चुरगाळून बघितली, तर लगेच कान मागे. आवाजच होता तो. आता रविवारी घोडी त्याच्याकडे जायचीय, आधी महिनाभर, आणि नाही जमलं तर परत आणायची असं ठरलंय. तोवर तो त्या म्हाताऱ्या घोड्याच्या तबेल्यातल्या पत्र्याच्या बादल्या काढून रबराच्या आणून ठेवणार आहे म्हणे.